खांडबाऱ्याच्या काळ्या भिंती आणि बोगद्याचं अस्तर

मंडळी, आजचा विषय जरा दगडी आहे, तेव्हा चहाचा कप हाताशी असू द्या.

सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या मध्ये खांडबारा नावाचं एक छोटं स्टेशन आहे. एकोणिसावं शतक संपता संपता तापी खोऱ्यातून ही लाईन टाकली गेली, त्या वेळचं. या भागातून जाताना अधूनमधून बुटक्या, लांबलचक, पट्टीने आखल्यासारख्या टेकड्या दिसतात. डोंगर म्हटला की तो वेडावाकडा असायचा, कुठे सोंड, कुठे खिंड. या टेकड्या मात्र कुणीतरी कुंपणाची भिंत घालावी तशा पूर्व-पश्चिम सरळ जातात. आणि एक नाही, कितीतरी.

या भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला तेच थर इथेही आहेत. हे थर साचल्यावर खालून पुन्हा तप्त रस वर घुसला, थरांना उभी चीर पाडून त्यात शिरला आणि तिथेच थिजला. हा थिजलेला रस भोवतीच्या झिजक्या खडकापेक्षा कठीण. साडेसहा कोटी वर्षांच्या पावसात भोवतालचं झिजून गेलं आणि चिरेत भरलेला ऐवज भिंतीसारखा उभा राहिला.

नंदुरबार-धुळे भागातल्या डाइकांचा नीट हिशेब रंजिनी रे, हेतू शेठ आणि ज्योतिर्मय मलिक यांनी मांडला. त्यांचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरपेक्षा लांब असे २१० डाइक. सर्वात लांब ७९ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघालात तर खोपोली मागे पडेल. रुंदी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. जवळजवळ सगळे उभे, आणि सगळ्यांची सरासरी दिशा उत्तरेपासून ८८ अंश, म्हणजे अगदी पूर्व-पश्चिम म्हणा ना.

आता इतका एकमुखी कल कशासाठी? रस काही होकायंत्र घेऊन निघाला नव्हता. तो कमीत कमी कष्टाची वाट शोधत होता. चीर पाडायची म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक बाजूला ढकलायचा. ज्या दिशेने खडक सर्वात कमी जोराने दाबलेला आहे त्या दिशेने तो ढकलणं सोपं, म्हणून चीर त्या दिशेला काटकोनात पडते. चिरा पूर्व-पश्चिम आहेत, अर्थात त्या काळी इथला खडक उत्तर-दक्षिण दिशेने सर्वात कमी दाबलेला होता. लेखकांनी एक महत्त्वाची गोष्ट तपासली: हे डाइक जुन्या भेगा किंवा प्रस्तरभंग पकडून गेलेले नाहीत. तसं असतं तर दिशा जुन्या भेगेची ठरली असती, दाबाची नाही.

थोडक्यात, खांडबाऱ्याच्या परिसरात निसर्गाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी खडकातला दाब मोजण्याची २१० प्रात्यक्षिकं करून ठेवली आहेत. हे अलंकारिक बोलणं नाही. आज कातळातला दाब मोजायचा असेल तर इंजिनियर नेमकं हेच करतात. बोअरमध्ये रबरी बूच फुगवून एक तुकडा दोन्हीकडून बंद करतात, त्यात पंपाने पाणी दाबतात, कातळ चिरेपर्यंत. मग पंप थांबवून पाहतात की चीर कोणत्या दाबाला मिटते. तो आकडा म्हणजे त्या जागचा सर्वात कमी दाब, आणि चिरेची दिशा म्हणजे सर्वात जास्त आडव्या दाबाची दिशा. १९५७ मध्ये हबर्ट आणि विलिस या अमेरिकनांनी तेलविहिरींच्या निमित्ताने यामागचं तर्कशास्त्र लिहून काढलं. पाण्याच्या जागी लाव्हा घाला, झाला डाइक.

इथे कथेला कलाटणी मिळते. हे डाइक घुसले तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या जवळपास होता आणि उत्तरेकडे पळत सुटला होता. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला जाऊन धडकला. ढकलणं थांबलं नाही, आजही वर्षाला काही सेंटीमीटर सुरूच आहे. गर्दीच्या लोकलमध्ये पुढचा दारात अडकला आणि मागचे रेटतायत, अशी मधल्या माणसाची जी गत, ती आपल्या द्वीपकल्पाची. एनजीआरआय या हैदराबादच्या संस्थेतल्या गौड, श्रीराम राव आणि गौर यांनी १९९२ मध्ये देशभरातल्या दाबाच्या नोंदी एकत्र करून नकाशा काढला. भारताच्या मधल्या पट्ट्यात सर्वात मोठा आडवा दाब ढोबळमानाने उत्तर-ईशान्येकडे कललेला दिसतो. म्हणजे जी दिशा त्या काळी सर्वात सैल होती, तिच्याच आसपास आज सर्वात जास्त रेटा आहे. दगड तोच, डाइक तेच, दाब मात्र जवळपास उलटा झाला.

हे फक्त नकाशावरचं बोलणं नाही याचा पुरावा महाराष्ट्राने मोजलेला आहे, आणि फार महागात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यात खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढला. असा चढता भंग तेव्हाच होतो जेव्हा आडवा दाब सर्वात मोठा असतो आणि वरचं वजन सर्वात कमी. जबलपूरचा १९९७ चा भूकंप नर्मदेच्या पट्ट्यातला, तोही मुख्यतः याच जातीचा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा मात्र वेगळा. तिथे खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून आडवे सरकले. त्याचा अर्थ एक आडवा दाब वजनापेक्षा मोठा, दुसरा वजनापेक्षा लहान. ही लघु-गुरूची भाषा अँडरसन नावाच्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९०५ मध्येच मांडली होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले क्रॅश डंप वाचून प्रोग्रॅमच्या पोटात काय चाललं होतं ते ओळखतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे क्रॅशमध्ये हजारो माणसं गेली.

असो. आता बोगद्याकडे येऊ.

डोंगराच्या पोटात भोक पाडलं तर त्यावर कशाचा भार येईल? कुणालाही विचारा, उत्तर येईल: वर जो डोंगर आहे त्याचा. साहजिक आहे, आणि फार काळ इंजिनियरही हेच धरून चालले. बोरघाटाच्या रेल्वेचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला घाट खुला झाला. त्यात २५ बोगदे. तेव्हा दाब मोजायचं यंत्र नव्हतं, सूत्रही नव्हतं. सुरुंग लावायचे, धूर गेला की छताकडे बघायचं, खडक चांगला असेल तर तसाच उघडा सोडायचा आणि फुटका असेल तर दगडी कमान बांधायची. त्या घाटात माणसं किती मेली याचा विचार केला तर या पद्धतीचं गुणगान करवत नाही. पण एक खरं, त्या लोकांनी सूत्रावर विश्वास ठेवायच्या ऐवजी समोरच्या कातळावर ठेवला. चांगल्या कातळातले ते उघडे बोगदे आजही आपण पुणे-मुंबई गाडीत बसून पार करतो.

सूत्रं नंतर आली. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम याने १८७८ मध्ये आल्प्स पाहून म्हटलं की खोलवर खडक पाण्यासारखा वागतो, सगळीकडून सारखाच दाब. सोव्हिएत संघात दिन्निक याने १९२५ मध्ये वेगळं गणित केलं: खडक ही लवचीक वस्तू समजा, वरून वजन ठेवा, बाजूला फुगायला जागा देऊ नका. मग आडवा दाब उभ्याच्या सुमारे एक तृतीयांश येतो. गणित स्वच्छ आहे आणि त्याला कातळाचा एकच गुणधर्म लागतो, जो प्रयोगशाळेत मिळतो. डोंगरावर जायलाच नको. त्यामुळे हे उत्तर लोकप्रिय झालं यात नवल नाही. आमच्या धंद्यात याला हार्डकोडेड कॉन्स्टंट म्हणतात. कुणीतरी कधीतरी ०.३३ टाकून ठेवतो, पुढचे तो आकडा कॉपी करत राहतात आणि तो का आहे हे विचारणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

दिन्निकच्या गणितात चूक नव्हती. चूक गृहीतात होती: खडकाला इतिहास नाही, तो आज सकाळी बाजारातून आणून रचला आहे, असं. खांडबाऱ्याचा डाइक पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. किती रस घुसला, वरचे किती मीटर थर झिजून गेले, कोणती भूमी कुणाला धडकली, हे सगळं खडकात साठलेलं असतं. उदाहरणार्थ झीज घ्या. वरचे थर गेले की वजन कमी होतं, उभा दाब लगेच उतरतो. आडवा दाब तितक्या प्रमाणात उतरत नाही, कारण बाजूचा खडक हलायला कुठे जाणार? म्हणून उथळ जागी उभ्याच्या मानाने आडवा दाब मोठा निघतो.

याने फरक किती पडतो, हे एका छोट्या हिशेबाने पाहू. (गणिताची ॲलर्जी असलेल्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल.) जर्मन इंजिनियर किर्श याने १८९८ मध्ये पत्र्यातल्या गोल भोकाभोवती दाब कसा वळतो ते सोडवलं. नदीत खांब रोवला की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्दी करून जातं, तसा दाबही भोकाला वळसा घालतो. आडवा दाब भागिले उभा दाब, या गुणोत्तराला 'के' म्हणू. मग गोल बोगद्याच्या माथ्यावर दाब येतो वजनाच्या (३के − १) पट आणि बाजूच्या भिंतीवर (३ − के) पट. १०० मीटर खोलीवर बेसॉल्टचं वजन सुमारे २७ बार पडतं, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या बारा-तेरा पट. के एक तृतीयांश धरला तर माथ्यावर शून्य आणि भिंतीवर ७२ बार. आता के अडीच धरा. माथ्यावर १७५ बार, भिंतीवर जेमतेम १३. के तीनच्या वर गेला की भिंतीच्या बाजूला चक्क ओढ लागते, तिथला खडक सुटायला बघतो.

म्हणजे एकच बोगदा, एकच खोली, वजन तेच. गुणोत्तर बदललं की धोक्याची जागा भिंतीवरून माथ्यावर गेली.

१९५० च्या दशकात स्वीडनमध्ये निल्स हास्ट खाणींमध्ये दाब मोजत होता. १९५८ मध्ये त्याने आकडे प्रसिद्ध केले. आडवा दाब वजनापेक्षा कमी नव्हताच, कित्येक ठिकाणी तो वजनाच्या काही पट होता. सुरुवातीला अनेकांना हे पटलं नाही. पण पुढे जगभरातून तसेच आकडे यायला लागले. १९७८ मध्ये ब्राउन आणि होक यांनी ते सगळे एका आलेखावर टाकले: खोल गेलं की के एकच्या आसपास येतो, उथळ भागात तो एकपासून तीन-साडेतीनपर्यंत कुठेही असू शकतो. आणि आपले बहुतेक बोगदे उथळच असतात. ज्या पट्ट्यात आकडा सर्वात बेभरवशाचा, त्याच पट्ट्यात आपण सर्वात जास्त खोदतो!

यातला पुढचा धागा भारतातला आहे. धनबादच्या केंद्रीय खनन संशोधन संस्थेतले पी. आर. शेओरे (इंग्रजी पेपरांवर नाव असंच येतं) यांनी १९९४ मध्ये पृथ्वीचा गोलावा, कवचाची जाडी, खालची उष्णता हे सगळं धरून के साठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते आहे: के = ०.२५ + ७ × ई × (०.००१ + १/खोली). ई म्हणजे खडकाचा ताठपणा, गिगापास्कलमध्ये. ताठ बेसॉल्टसाठी ५० धरा, खोली १०० मीटर: के चारच्या पुढे जातो. २०० मीटरला २.३५, ५०० मीटरला १.३. आता त्याच १०० मीटरवर झिजलेला मऊ खडक घ्या, ई १०: के जेमतेम एक.

हा शेवटचा आकडा आपल्या दख्खनच्या दृष्टीने फार बोलका आहे. आपला कातळ एकजिनसी नाही. घट्ट काळ्या बेसॉल्टचा थर, त्यावर भोकाभोकांचा मांजऱ्या, मध्येच हातभर लाल मातीचा पट्टा, पुन्हा काळा कातळ. आणि नंदुरबारसारख्या ठिकाणी या सगळ्याला उभा छेद देणारा कणखर डाइक. बाजूने रेटा आला की ताठ थर तो आपल्या अंगावर घेतो, मऊ थर अंग चोरतो. (ऑफिसातल्या टीमची आठवण झाली ना?) शंभर मीटरच्या अंतरात बोगदा कमी दाबाच्या खडकातून जास्त दाबाच्या डाइकमध्ये आणि पुन्हा बाहेर जाऊ शकतो. सूत्रातून मिळणारा एकच के इथे दिशा दाखवतो, त्यावर डिझाइन करता येत नाही. ते सूत्र स्थानिक डोंगरदऱ्या आणि जुन्या भेगा धरतच नाही.

अर्थात घाबरवायचा हेतू नाही. घट्ट बेसॉल्ट हजार बारहून अधिक दाब सहज सोसतो, त्याला १७५ बारने काही होत नाही. उलट बेताचा आडवा दाब छतातले सुटे ठोकळे एकमेकांत आवळून धरतो, कमानीतल्या दगडांसारखे. गडबड होते ती कमजोर थरात, भेगाळलेल्या पट्ट्यात आणि आतल्या काँक्रीटमध्ये.

तर मुख्य मुद्दा: अस्तर. बोगद्याच्या आतून जो काँक्रीटचा थर देतात त्याला आपल्याकडे अस्तर म्हणतात, आणि शब्द अगदी योग्य आहे. कोटाचं अस्तर कोट उभा धरत नाही. बोगद्याचं अस्तरही डोंगर पेलत नाही. डोंगर पेलतो भोवतीचा कातळच, स्वतःच कडं बनून. अस्तराचं काम त्या कड्याला सुटू न देणं, पाणी अडवणं, आतून गुळगुळीत करणं.

काचेची बांगडी दोन बोटांत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. (आईची नको.) बोटांखाली ती सपाट व्हायला बघते, वर-खाली जास्त वळते. बोटांखालच्या आतल्या अंगाला ओढ बसते आणि काच तिथून तडकते. काँक्रीटही काचेसारखंच, दाब सोसतं, ओढ सोसत नाही, म्हणून त्यात सळ्या घालतात. भार वरून येणार असं धरलं तर सळ्या माथ्याच्या आतल्या अंगाला हव्यात. भार बाजूंनी आला तर त्या भिंतींच्या आतल्या अंगाला आणि माथ्याच्या बाहेरच्या अंगाला हव्यात. के चुकला तर सळ्या कमी पडत नाहीत, त्या चुकीच्या जागी पडतात. हिशेबाच्या कागदावर पोलाद भरपूर दिसतं आणि तडा जातो तिथे एक सळई नसते.

"मग जाड करा की" हे सर्वात सोपं उत्तर, आणि बहुतेक वेळा चुकीचं. जाडी दुप्पट केली तर अस्तराचा वाकण्याला विरोध आठपट होतो. वाकत नाही म्हणून ते जास्त भार ओढून घेतं. पातळ अस्तर कातळासोबत थोडं सरकतं आणि भार कातळालाच परत देतं. राबसेविच या ऑस्ट्रियन इंजिनियरने १९६४ मध्ये हाच विचार पद्धत म्हणून मांडला: खोदल्यावर पातळ शॉटक्रीट फवारा, बोल्ट मारा, कातळ किती सरकतो ते मोजत राहा, सरकणं मंदावलं की मग पक्कं अस्तर घाला. फार लवकर घातलं तर सगळा भार अस्तरावर, फार उशीर केला तर छत खाली. हे मोजणंच त्या पद्धतीचा प्राण आहे, आणि काम लांबलं की कंत्राटात आधी कात्री लागते तीही मोजण्यालाच.

आडव्या दाबाचं जगातलं सर्वात गाजलेलं अलीकडचं उदाहरण कॅनडात नायगाराला आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टर्बाइनसाठी खोल चर खोदले होते, त्यांच्या भिंती वर्षानुवर्षं आत सरकत राहिल्या. म्हणजे दाब माहीत होता. २००६ मध्ये तिथेच १०.२ किलोमीटरचा पाण्याचा बोगदा सुरू झाला. टीबीएम मशीन १४.४ मीटर व्यासाचं, लाडाचं नाव 'बिग बेकी'. मशीन क्वीन्स्टन शेल या मऊ थरात शिरलं आणि माथ्याचा खडक चार हात पुढेच सुटून पडायला लागला. वरच्या किर्शच्या हिशेबात बसतं तसंच: आडवा दाब मोठा, म्हणून मार माथ्यावर, आणि शेलमध्ये बेसॉल्टची ताकद नाही. गोल खोदायला निघालेला बोगदा वरून टोकदार व्हायला लागला. मालक आणि कंत्राटदारात वाद झाला, बोगद्याचा मार्ग वर उचलावा लागला, कंत्राट नव्याने लिहिलं गेलं. अंदाज ९८.५ कोटी कॅनेडियन डॉलरवरून १६० कोटींवर न्यावा लागला, आणि पाणी वाहायला २०१३ उजाडलं. शेवटी काँक्रीटचं अस्तर घातलं त्याच्या मागे दाबाने ग्राउट भरून ते आधीच आवळून ठेवलं, म्हणजे आतून पाण्याने ताणलं तरी ओढ लागू नये.

पाण्याच्या बोगद्याची ही दुसरी बाजू. मोठा आडवा दाब अस्तर चिरडतो, तर लहान आडवा दाब पाणी पळवतो. कोयनेचं पाणी घाटमाथ्यावरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येतं, सुमारे ४७५ मीटर खाली. तळाशी पाण्याचा दाब सुमारे ४७ बार. भोवतीच्या कातळातला सर्वात कमी दाब याहून कमी असेल तर काँक्रीट निरुपयोगी: पाणी त्यातल्या बारीक तड्यांतून कातळात शिरून चीर उघडत नेईल. पुन्हा तोच प्रकार, खांडबाऱ्याचा डाइक, फक्त रसाच्या जागी पाणी. नॉर्वेत १९६० ते ७० च्या काळात अस्तराविना ठेवलेल्या काही दाबबोगद्यांत हे खरोखर घडलं आणि तिथून नियम आला की कातळाचा किमान दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त हवा. घाटाच्या कड्याजवळ तर एका बाजूला मोकळी हवाच आहे, कातळाला रेटून धरणारं काही नाही. कोयनेच्या उभ्या दाबनळांना पोलादी अस्तर आहे ते उगाच नाही. ६७ च्या भूकंपात कोयनेला मोठे तडे गेले तेही जमिनीवरच्या धरणाला.

आणि आता खांडबाऱ्याच्या शेजारी. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, नर्मदेच्या काठी केवडियाला सरदार सरोवराचं नदीपात्रातलं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. सहा यंत्रं, १२०० मेगावॉट, २००५-०६ मध्ये सुरू झालं. गुहा सुमारे २१० मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ५७ मीटर उंच. अठरा-एकोणीस मजली इमारत उभी राहील एवढी. याच काळ्या कातळाच्या कुळातली जागा, शिअर झोन आणि डाइक यांनी चिरलेली. खोदकाम खाली सरकत गेलं तसे भिंतींवरच्या शॉटक्रीटला लांब तडे दिसू लागले आणि जादा लांब केबल अँकर मारावे लागले. त्या तड्यांचं खापर एकट्या आडव्या दाबावर फोडणं अन्याय होईल, कमजोर पट्टे होतेच. पण ५७ मीटर उंच भिंतीचं नशीब वरच्या वजनापेक्षा बाजूच्या रेट्यावर जास्त ठरतं, हे कळायला सूत्रही लागत नाही.

या वीजगृहाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्याबदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली ३३ गावं बुडिताखाली आली, मणिबेली त्यांत सर्वात आधी. धरण योग्य की अयोग्य हा वाद इथे काढत नाही, त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी माणसं आहेत. पण किंमत इतकी मोठी असेल तेव्हा गुहेतला प्रत्येक तडा हा नुसता इंजिनियरांचा घरगुती मामला राहत नाही. यंत्र बंद राहिलं तर ज्यांची शेतं गेली त्यांच्या त्यागाचा हिशेबही बंद राहतो.

शिवाय प्रश्न नंदुरबारपुरता नाही. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून दहा किलोमीटरहून जास्त, आपल्यापैकी बरेच जण त्यातून रोज ऑफिसला जातील. प्रकल्पांच्या बातम्यांत लांबी, लेन, वाचणारी मिनिटं सगळं छापून येतं. कातळातला आडवा दाब किती आणि कोणत्या दिशेने, हे मी अजून एकाही बातमीत वाचलेलं नाही. बोअर मारून, बूच फुगवून चीर पाडायची चाचणी बोगद्याच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते. तिचा त्रास एवढाच की ती आधी करावी लागते, आणि तेव्हा फीत कापायला कुणी नसतं.

मोजणं चालू आहे तेही महाराष्ट्रातच. कोयना-वारणा भागातले भूकंप समजून घ्यायला कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्या देखरेखीखाली कोयनेच्या परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल चाचणी-विवर खोदून झालं. बेसॉल्टचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपले, त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. आणि त्या खोलीवर जाऊनही दाब मोजायची रीत तीच: पाणी दाबायचं, कातळ चिरू द्यायचा, चीर कोणत्या दिशेला गेली ते पाहायचं.